प्रेमाची आणि बागेची देवी घडवताना

कादंबरीतल्या कल्पित जगासाठी अशी देवी रचायला बसलं की तिचं रूप लगेच सुचतं: केसांत फुलं, हातात वेल, ओठांवर हसू. ते लिहून बाजूला ठेवा. वाचकाला ते आधीच पाठ असतं.

सुरुवात भक्तांपासून करा. तिच्या दारात कोण येतं आणि काय मागतं? रोमची व्हीनस आपण प्रेमाची देवी म्हणून ओळखतो. पण मळेही तिच्याच राखणीत होते. १९ ऑगस्टच्या ‘विनालिया रुस्तिका’ या सणाला भाजीमळेवाले काम बंद ठेवत. म्हणजे तिच्या भक्तांत प्रेमिकांच्या जोडीला मातीने हात माखलेली माणसंही होती. तुमच्या देवीलाही असे दोन तऱ्हेचे भक्त द्या आणि त्यांचं आपसात पटू देऊ नका.

मग प्रेम आणि बाग यांना जोडणारं एकच काम शोधा. ‘फुलतं ते प्रेम’ एवढ्यावर भागत नाही. समजा, तुमची देवी मोहराई ही कलमांची देवी आहे. कलम बांधताना खुंटाला आणि काडीला, दोघांनाही छेद द्यावा लागतो. साल सालीला भिडवून घट्ट बांधायचं आणि वाट पाहायची. जोड धरल्यावरही खुंटावर जोडाच्या खालून फुटवे येतात. ते वेळीच खुडले नाहीत तर खुंट जोर धरतो आणि वरची काडी मागे पडते. आता यातून लग्नाचा विधी काढून बघा. वधूवरांच्या मनगटावर एकेक बारीक चीर, वर सुती पट्टी, आणि जुन्या प्रेमाची आठवण म्हणजे ‘खालचा फुटवा’. पुजारीण नसेल, माळीणच असेल, कमरेला चाकू लावलेली. देवीचा कोपही यातूनच ठरतो: जोड उपटणाऱ्याला ती सोडत नाही.

सण ठरवताना फक्त बहराचा काळ धरू नका. अथेन्समध्ये बायका फुटक्या मडक्यांत लेट्यूस, बडीशेप पेरून ती ऐन उन्हाळ्यात छपरावर ठेवत. कोंब झरझर वर येत, तितक्याच लवकर सुकत, आणि प्रेमदेवीच्या अकाली मेलेल्या प्रियकरासाठी, अ‍ॅडोनिससाठी, शोक होई. आपल्या नवरात्रातल्या घटातही नऊ दिवसांत धान्य उगवतं, पण तिथे शोक नसतो. उगवणं तेच, भाव वेगळा. तुमचं जग यातलं काय निवडतं, यावर त्याचा स्वभाव ठरेल.

एक वैरीही हवा. मला पाण्याचा देव सोयीचा वाटतो, कारण बाग पाटावर जगते आणि पाळीवरून भांडणं होतातच. मृत्यूचा देव समोर उभा करणं फार झालंय.

नावाचं म्हणाल, तर त्या जगातल्या बाकीच्या नावांशी ते मिळतंजुळतं असावं. जाखाई, जोखाई, यमाई या आपल्या देवी एकाच मुलखातल्या वाटतात, तशी.

एवढं झालं की देवीला प्रत्यक्ष न आणता बाजारातला एक प्रसंग लिहा. त्यात तिच्या नावाने एक शपथ, एक नवस आणि एक शिवी येऊ द्या. शिवी सुचत नसेल, तर देवी अजून कच्ची आहे. परत भक्तांकडे जा.