आधी म्युझियम, मग पाय मोकळे करा

त्या गृहस्थांचं नाव लिहीत नाही. न्यू जर्सीत आमच्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते न लिहिताही कळेल. सहली काढायची दांडगी हौस, आणि कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "काकू, तुम्ही निर्धास्त राहा." मुलगा म्हणतो, आई, आता सोड की तो विषय. सोडला असता. पण न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियमची तीच सहल ते वसंतात पुन्हा काढणार आहेत असं कानावर आलं.

क्लॉइस्टर्स बघायचं माझ्या मनात शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हापासून होतं. कुंपणात बांधलेल्या त्या पांढऱ्या एकशिंगी प्राण्याचं चित्र आमच्या शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात होतं. इंटरमिजिएटच्या मुलांना संकल्पचित्र शिकवताना मी ते पान उघडायची. सगळी पार्श्वभूमी फुलापानांनी भरलीय, तरी मधला प्राणी हरवत नाही, हे कसं साधलं ते बघा म्हणायची. ते चित्र नव्हे, विणलेला पडदा आहे, आणि तो इथून दोन गाड्या बदलून गाठता येतो, हे कळल्यावर मी कुणाहीबरोबर निघाले असते. निघालेही.

बेत होता 'ट्रेक प्लस म्युझियम'. नोव्हेंबरातला शनिवार, झाडांची पानं रंगलेली. आधी फोर्ट ट्रायन पार्कात फिरायचं, मग टेकडीवरचं म्युझियम. मी विचारलं होतं की म्युझियम बंद किती वाजता होतं. "काकू, म्युझियम कुठं पळून जातंय?" सगळे हसले. पुन्हा विचारलं तेव्हा नुसतंच हसले.

दहाला पेन स्टेशनवर भेटायचं ठरलं होतं. दोन कुटुंबं सव्वाअकराला उगवली. ए ट्रेनमध्ये बसलो. १९० स्ट्रीटला उतरलं की लिफ्ट थेट वर टेकडीवर नेऊन सोडते, हे सुनेनं मला फोनवर दाखवलेलं. गृहस्थांनी मात्र पुढच्या, डाइकमन स्ट्रीट स्टेशनवर उतरवलं. टेकडी पायथ्यापासून चढल्याशिवाय ट्रेक कसला! माझ्या गुडघ्यांचा विषय निघाला तर म्हणाले, "सिंहगड चढलेली माणसं आपण!" त्यांनी कधी चढला होता कोण जाणे. अर्ध्या वाटेत धापा टाकत पहिले बाकावर बसले ते तेच.

वर पोचल्यावर हेदर गार्डनमध्ये फोटो. लिंडन टेरेसवर फोटो. हडसन नदी आणि जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज मागे घेऊन प्रत्येक कुटुंबाचा वेगळा, मग बायकांचा, मग पुरुषांचा, मग मुलांचा. देखावा सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग ठेपले, बटाट्याची भाजी, अंताक्षरी. ओंजळीत डबा धरून गृहस्थांनी माहितीही दिली. ही टेकडी धाकट्या रॉकफेलरनं विकत घेऊन शहराला दिली, पार्क १९३५ साली आणि म्युझियम १९३८ साली उघडलं, समोरच्या जर्सीच्या काठावरचे पॅलिसेड्सचे कडेही त्यानंच घेऊन ठेवले, म्हणजे म्युझियमसमोरचा देखावा इमारती उठून बिघडू नये. हे सगळं खरं आहे. फक्त त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता. ज्या देखाव्यासाठी आम्हाला तीन तास बाहेर उभं केलं, तो म्युझियमच्या स्वतःच्या गच्चीवरूनही दिसतो. रॉकफेलरनं तो त्यासाठीच राखला होता.

तिकिटाच्या खिडकीशी पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. पाटी होती, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, १० ते ४.३०. मी ती पाटी बघत उभी राहिले आणि अंगातून काहीतरी खाली गेलं. सकाळपासून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका फळीवर लिहिलेलं होतं आणि ते वाचायला इथवर यावं लागलं.

गृहस्थांचं लक्ष पाटीकडे नव्हतंच. ते खिडकीतल्या मुलीशी वाद घालत होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इथे 'मनाला येईल ते द्या' असतं, डॉलर दिला तरी चालतो. ती शांतपणे सांगत होती की तसं फक्त न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना, आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकटमधल्या विद्यार्थ्यांना. बाकी मोठ्यांना ३० डॉलर, ज्येष्ठांना २२. मार्च २०१८ आधी ती मुभा सगळ्यांना होती, गृहस्थांची माहिती त्या काळातली. ती तशी निघाली यात काही विशेष नाही, माहिती शिळी होतेच. पण मागे रांग, घड्याळ पुढे सरकतंय, आणि हे "आम्ही इथे टॅक्स भरतो" सांगतायत! जर्सीत भरता हो. रांगेतल्या एका कॉलेजच्या पोराकडे जर्सीतल्या युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र होतं, तो मजेत पाच डॉलर देऊन आत गेला. आमच्यातले निम्मे जण ३० डॉलर ऐकून मागे फिरले. मी २२ डॉलर दिले. गृहस्थ म्हणाले, "काकू, वीस मिनिटांसाठी?" त्या वेळेची वीसच मिनिटं कुणी केली, हे विचारायला तोंड उघडलं होतं, पण तेवढाही वेळ घालवायचा नव्हता.

पडद्यांच्या खोलीत जेमतेम पोचले. सात पडदे आहेत, सुमारे १४९५ ते १५०५ दरम्यानचे, लोकर, रेशीम, चांदी आणि सोन्याचा मुलामा दिलेले धागे घालून विणलेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या गोंधळात ते लुटले गेले, आणि पुढे भाज्या झाकायला वापरले गेले असं सांगतात. आमच्या पुस्तकातला तो प्राणी समोर होता, छापील चित्रापेक्षा कितीतरी मोठा. त्याच्या अंगावरचे तांबडे ठिपके मी मुलांना रक्त म्हणून सांगत आले. तिथे कळलं, तो ज्या डाळिंबाच्या झाडाला बांधलाय त्याच्या फळांचा रस तो. एवढं वाचते तोवर रखवालदार नम्रपणे म्हणाला, मॅडम, आता बाहेर.

संध्याकाळी ग्रुपवर गृहस्थांचा मेसेज आला, 'ट्रेक आणि म्युझियम, दोन्ही फत्ते!' खाली पंधरा अंगठे. मी अंगठा दिला नाही.

पुढे सुनेला सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही दोघीच गेलो. पुन्हा पैसे पडले. रुपयांत हिशोब करायचा नसतो असं ती म्हणते, मी केलाच. त्या दिवशी जे जमलं त्यावरून सांगते.

बुधवारी जाऊ नका, बंद असतं. १९० स्ट्रीटला उतरा, आणि लिफ्टनं फोर्ट वॉशिंग्टन अव्हेन्यूकडे बाहेर पडा. खालचा बोगदा बेनेट अव्हेन्यूवर काढतो, तिकडून गेलात तर चढ तुमच्या वाट्याला आलाच. वर आल्यावर हेदर गार्डनमधून दहा मिनिटांत म्युझियम येतं, म्हणजे 'वॉक' हवा असेल त्यांचा तोही सुरू झाला. चालवत नसेल तर एम-४ बस दारापर्यंत जाते. दहाला दार उघडताना आत शिरा आणि आधी पडद्यांच्या खोलीत जा, नंतर गर्दी होते. मग मेरोडचं ते तीन फळ्यांचं छोटं चित्र. मधल्या फळीवर मेरीला देवदूत बातमी सांगतोय आणि उजवीकडच्या फळीवर जोसेफ आपल्या सुतारशाळेत उंदराचे सापळे करत बसलाय. ते सापळे शोधा, लेकरांना फार आवडतात. १२ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. स्पेनमधल्या फुएन्तिदुएन्या गावच्या चर्चचं टोक सुमारे ३३०० दगड एकेक करून आणून इथे उभं केलंय. ते बघायला बसायची सोय असेल तिथे बसा. उभ्यानं कळत नाही.

आणि खालच्या मजल्यावरची बोनफाँची बाग चुकवू नका, नोव्हेंबरात अर्धी वाळलेली असली तरी. पडद्यांतला निळा, तांबडा, पिवळा ज्या तीन झाडांपासून निघाला ती झाडं तिथे लावलेली आहेत. तांबडा देणारी आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली. वर पडदा आणि खाली त्याचा रंग, हे एका छपराखाली दुसरीकडे मी पाहिलं नाही. शनिवारच्या सहलीतल्या एकानंही ती बाग पाहिली नाही, आणि आजही ते 'क्लॉइस्टर्स बघितलं' म्हणतात.

बूट चांगले घाला, पाणी ठेवा, वारा असतो म्हणून गरम कपडे घ्या. हे सांगायला मी नको. खाणं मात्र बरोबर न्या. आतलं कॅफे आम्ही दोन्ही वेळा गेलो तेव्हा बंद होतं.

दीडला बाहेर या, डबा खा, मग हवं तेवढं फिरा. नोव्हेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य पॅलिसेड्सच्या मागे उतरतो, आणि नदीकाठचा देखावा तेव्हा सगळ्यात चांगला असतो. पार्कला कुणी साडेचारला कुलूप लावत नाही.

तेव्हा वसंतातल्या सहलीचं बोलावणं आलं तर जरूर जा, माणसं वाईट नाहीत. फक्त कुणी "आधी थोडं चालू, मग म्युझियम" म्हणालं की सांगा, तुम्ही चाला, मी आत आहे, बाहेर आल्यावर फोन करते.