पवारणा : उणीव सांगणे आणि ऐकणे



संगारव नावाच्या ब्राह्मणाने एकदा तथागतांना विचारले, पुष्कळ दिवस घोकलेले मंत्रही कधीकधी ऐनवेळी आठवत नाहीत, असे का होते? संयुत्त निकायात हा संवाद आहे. परीक्षेच्या दिवसांत माझ्या वर्गातली मुले मला हाच प्रश्न विचारतात. मंत्रांच्या जागी भूमितीची प्रमेये असतात, एवढाच फरक. तथागतांनी उत्तरादाखल पाण्याच्या भांड्याची उपमा दिली. मनाला अडवणारी पाच नीवरणे आहेत, त्यांतले पाचवे विचिकिच्छा, म्हणजे संशय. संशयाने घेरलेले मन अंधारात ठेवलेल्या गढूळ पाण्यासारखे असते. त्यात डोकावणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही.

सुत्तांत विचिकिच्छा मुख्यतः बुद्ध, धम्म आणि संघ यांविषयीचा संशय म्हणून येते. परंतु ‘हे मला जमणार नाही, मी त्या लायकीचा नाही’ हा संशयही मनाला तसाच गढूळ करतो. आपल्या समाजात तो कोठून आला हे का सांगायला हवे? ज्यांच्या आजा-पणजांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्यांच्या नातवाच्या कानावर ‘चूक’ हा शब्द पडला की त्याला त्यात जुनी शिवीच ऐकू येते. तपासलेली वही हातात पडताच काही मुले तांबड्या शाईवर हात ठेवून ती मिटून टाकतात. खाली काय लिहिले आहे ते वाचतच नाहीत. दरवर्षी मी हे पाहतो. हीच मुले पुढे कचेरीत, मंडळात, विहारात येतात, आणि तेथेही एक तर हारतुरे, नाही तर पाठीमागे कुजबुज. समोर बसून कोणी कोणाला काही सांगत नाही.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. जन्मावरून हिणवणे ही सूचना नव्हे. ते निमूट ऐकून घ्यावे असे धम्म सांगत नाही. केलेल्या कामातली उणीव दाखवणे ही अगदी वेगळी गोष्ट. परमपूज्य बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि ग्रंथातील बऱ्याच मतांशी आपण सहमत नाही असे कॅनन यांनी तिच्यातच लिहिले आहे. बाबासाहेबांनी ती आपल्या ग्रंथाच्या आरंभी छापली! 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या भाषणातला काही भाग वगळण्याचा आग्रह धरला, तेव्हा मात्र एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे त्यांनी कळवले. ते भाषण झालेच नाही, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने छापले गेले. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी केलेली टीका त्यांनी परिशिष्ट म्हणून छापली आणि तिला उत्तर दिले. ऐकणे वेगळे, मान्य करणे वेगळे. आपल्यातले पुष्कळजण या दोहोंची गल्लत करतात, आणि मान्य करावे लागेल या भीतीने ऐकतच नाहीत.

आता पवारणेकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात तिचा उगम सांगितला आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासाचे तीन महिने एकमेकांशी अक्षरही न बोलता काढले. भांडण नको म्हणून त्यांनी ही युक्ती केली होती. आम्ही गुण्यागोविंदाने राहिलो, असे त्यांनी तथागतांना सांगितले. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली : हे तर गुरा-मेंढरांचे एकत्र राहणे झाले. मग त्यांनी पवारणेचा नियम घालून दिला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघापुढे हात जोडून विनंती करायची, की माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा नुसती शंका आली असेल, तरी दया करून मला सांगा. ही विनंती तीन वेळा करायची. आणि प्रथम कोणी? सर्वांत ज्येष्ठ स्थविराने. श्रावस्तीच्या पूर्वारामात तर खुद्द तथागतांनीच भिक्खूंना आपले दोष विचारले होते.

सांगणाऱ्यावरही बंधने आहेत. त्याने योग्य वेळ पाहावी, खरे तेच सांगावे, कठोर बोलू नये, हिताचे असेल ते बोलावे आणि मनात द्वेष नव्हे, मैत्री ठेवावी. यांत वेळेचे बंधन आपण सर्वांत जास्त मोडतो. लग्नमांडवात, चारचौघांत, पोराच्या मार्कांवरून बोलणारे काका खरेच बोलत असतील; पण ती वेळ नव्हे. ‘तुला काही येत नाही’ यापेक्षा ‘या उत्तरात कारण सांगितलेस, उदाहरण राहिले’ असे म्हटले तर पोराला उद्या काय करायचे ते कळते.

ऐकणाऱ्यासाठी मज्झिम निकायातले अनुमान सुत्त अवश्य वाचावे. ‘मला माझे दोष सांगा’ असे तोंडाने म्हणणारा, पण सांगताच उलटून पडणारा किंवा विषय दुसरीकडे नेणारा भिक्खू असेल, तर सोबती त्याला सांगणेच सोडून देतात, असे महामोग्गल्लान तेथे बजावतात. शेवटी आरशाचा दृष्टान्त आहे. तरुण माणूस आरशात पाहतो, डाग दिसला तर पुसतो. आणि डाग नसेल तर? आनंदित होतो. हा दुसरा भाग आपण विसरतो. आपल्यात जे चांगले आहे तेही पाहायचे आणि त्यात आनंद मानायचा, हेही त्या सुत्तात आहे.

वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमेला वाचन संपले की खीरदानाआधी अर्धा तास राखून ठेवावा. वाचकाने विचारावे, माझे वाचन कोठे कळले नाही? मंडळाच्या अध्यक्षांनी विचारावे, हिशेब कोठे अपुरा वाटला? आरंभ अध्यक्षांनीच करावा, आणि बोलण्याची पहिली संधी मागच्या रांगेतल्या मुलींना द्यावी.