पावसाळी विणीचा हंगाम : गोठ्यातील दिनचर्या आणि नवजात पारड्यांची जोपासना

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर मावळ, भोर, पाटण, शाहूवाडी, राधानगरी, आजरा असा जो भातपट्टा पसरला आहे, तेथील दुभत्याचा मुख्य आधार म्हैस हा होय. दिवस लहान होऊ लागले म्हणजे म्हशी अधिक संख्येने माजावर येतात, हा या जातीचा स्वभावधर्म आहे. आश्विनापासून पौषापर्यंत फळलेल्या म्हशी पुढल्या वर्षी श्रावणापासून कार्तिकापर्यंत वितात. म्हणजे ज्या काळात घाटमाथ्यावर सूर्यदर्शन दुर्मीळ असते, गोठ्याच्या भिंतींना ओल चढलेली असते आणि घरातील माणसे बांधावर व खाचरात गुंतलेली असतात, नेमक्या त्याच काळात गोठ्यात पारडू जन्मास येते. मघांच्या झडीत जन्मलेले पारडू पुढे हस्ताचा पाऊस सोसून थंडीच्या तोंडी सापडते. त्याचे पहिले तीन महिने ओलीत व गारठ्यात जातात.

हे पारडू दगावले तर तोटा केवळ एका जनावराचा होत नाही. म्हैस गाईपेक्षा अधिक आंचळलेली असते. पारडू पुढ्यात नसले की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात, लाथा झाडतात आणि थोड्याच दिवसांत आटतात. दहा महिने पोसलेल्या जनावराचे सबंध वेत हातचे जाते. ज्या घरात दुधाच्या पैशावर किराणा, मुलांचे शिक्षण आणि सोसायटीचा हप्ता चालतो, त्या घरास ही हानी वर्षभर पुरते. म्हणून या हंगामात गोठ्याचे काम शेतीच्या कामाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. लावणीच्या धांदलीत गाभण म्हैस एकटी गोठ्यात सोडून सगळे घर शेतावर जाणे परवडणारे नाही.

दिवसांचा हिशेब

गाईचे नऊ महिने नऊ दिवस व म्हशीचे दहा महिने दहा दिवस, हा जुना हिशेब व्यवहारास पुरेसा आहे. १५ ऑक्टोबरला फळलेली म्हैस २५ ऑगस्टच्या सुमारास विणार, असे धरून चालावे. आठवडाभर पुढेमागे होते. कृत्रिम रेतन केल्याची तारीख अनेक घरी कोणाच्याच ध्यानात राहत नाही. ती गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवली तरी काम भागते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने मे महिन्यातच गावातील गाभण जनावरांची यादी करून प्रत्येकीसमोर अपेक्षित दिवस मांडावा. त्या यादीवरून दोन गोष्टी साधतात. विण्यापूर्वी साठ दिवस म्हैस आटवावयाची असते, ती वेळ चुकत नाही. आणि घटसर्पाची लस पाऊस सुरू होण्यापूर्वी टोचून घेता येते. घटसर्प हा पावसाळी रोग आहे व तो झपाट्याने मारतो. तो गावात शिरल्यावर लसीसाठी धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

कोरडी जागा

घाटावरील गोठा बहुधा घरालाच लागून, ठेंगणा व तीन बाजूंनी बंद असतो. पावसाच्या भीतीने चौथ्या बाजूसही गोणपाट व प्लास्टिक लावण्याची रीत पडली आहे. त्यामुळे झड आत येत नाही हे खरे. परंतु मुताची वाफही बाहेर जात नाही. सकाळी दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर तीच हवा पारडू रात्रभर हुंगत होते असे समजावे. फुप्फुसाचा दाह येथूनच सुरू होतो. पावसाची दिशा पाहून वाऱ्याकडील बाजू बंद करावी व विरुद्ध बाजूस वळचणीखाली हातभर फट मोकळी सोडावी. वारा जनावराच्या अंगावरून न जाता डोक्यावरून गेला म्हणजे झाले.

विणाऱ्या म्हशीस इतरांपासून निराळी, सुमारे दहा फूट रुंद व बारा फूट लांब जागा द्यावी. एवढी मिळत नसेल तर दावणीच्या टोकाची दोन जनावरे हलवून जागा करावी. खाली मुरूम चोपून त्यास नाल्याकडे बेताचा उतार द्यावा. उतार फार झाला तर मागचा भाग खाली राहून अंग बाहेर येण्याचा धोका असतो. अशी खोड असलेल्या म्हशीच्या मागील पायांखाली भर घालून ती बाजू किंचित उंच ठेवावी. मुरमावर राख भुरभुरून वर भाताचा कोरडा पेंढा वीतभर अंथरावा. अंथरूण कोरडे आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यावर गुडघे टेकून थोडा वेळ बसावे. गुडघे ओले झाले तर पेंढा बदलावा. बुरशी लागलेला काळपट पेंढा अंथरण्यास घेऊ नये व वैरण म्हणूनही घालू नये. चांगला पेंढा माळ्यावर खास या कामासाठी राखून ठेवणारी घरे अजून आहेत. ती जुनी शिस्त इतरांनीही उचलावी.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

विणीच्या दिवसांत गोठ्यातील दिवस अंधारातच सुरू होतो. बहुतेक घरी हे काम बाई करते. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ती गोठ्यात येते, तेव्हा तिने शेणाचे घमेले उचलण्याआधी कंदील वा बॅटरी फिरवून प्रत्येक गाभण म्हशीकडे पाहावे. कास ताठ होऊन सड चकाकू लागले, शेपटीच्या बुडाशी दोन्ही अंगांस खळगे पडले, चिकट स्राव लोंबू लागला, म्हैस वैरण सोडून उठबस करू लागली, की वेळ जवळ आली. अशा म्हशीस त्या दिवशी रानात सोडू नये. ओढ्याकाठी वा दूरच्या चराईत व्यालेल्या म्हशीचे पारडू चिखलात पडते. ते तासाभराने सापडले तरी त्याच्या अंगातील ऊब निघून गेलेली असते.

धारा काढताना विणार नसलेल्या निरोगी म्हशी आधी, नव्या व्यालेल्या त्यानंतर आणि कासदाह झालेली म्हैस सर्वांत शेवटी पिळावी. पावसाळ्यात कास चिखलाने माखलेली असते. ती धुऊन तशीच ओली ठेवली तर घाण पाणी ओघळून सडाच्या तोंडाशी येते. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने कोरडी करणे हा धुण्याचाच भाग आहे. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते. त्या अवधीत म्हैस ओल्यात बसू नये म्हणून तिच्यापुढे लगेच वैरण टाकावी. खाण्याच्या नादात ती उभी राहते.

दुपारच्या कामात सांगण्यासारखे विशेष नाही. पेंढा पालटणे, नाला मोकळा करणे, गव्हाणीतील शिळे काढणे एवढेच. रात्री मात्र निजण्यापूर्वी एक फेरी व मध्यरात्री एक फेरी अवश्य असावी.

वेणा आणि प्रसव

वेणा सुरू झाल्यावर गोठ्यात गर्दी करू नये. म्हैस बुजली की वेणा थांबतात. पाण्याची पिशवी दिसल्यावर साधारणपणे तासा-दीड तासात पारडू बाहेर येते. आधी दोन पुढचे पाय व त्यांवर टेकलेले नाक दिसले तर सर्व ठीक आहे असे समजून हात मागे घ्यावा. एकच पाय दिसला, डोके दिसून पाय दिसेनात, शेपूट आली, अथवा पिशवी फुटून दोन तास झाले तरी प्रगती नाही, तर पशुवैद्यकास बोलवावे. चार माणसांनी दोर लावून ओढण्याचा प्रकार अजूनही ऐकू येतो. त्यात गर्भाशय फाटते, पारडू मरते आणि पुष्कळदा म्हैसही जाते. पावसात रस्ता बंद होण्याची भीती असेल, तर ‘थोडे थांबून पाहू’ म्हणण्यापेक्षा लवकर निरोप धाडावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो गोठ्यात सर्वांस दिसेल असा लिहून ठेवावा.

पारडू पडताच नाकातोंडातील चिकटा बोटाने काढावा व त्यास छातीवर बसते करावे. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत काडी फिरवावी व छाती जोराने चोळावी. मग ते म्हशीपुढे द्यावे. तिच्या चाटण्याने अंग कोरडे होते व रक्त खेळते. झडीच्या दिवसांत एवढ्यावर थांबू नये. कोरड्या गोणपाटाने पारडू पाठीपासून पोटापर्यंत खसाखसा पुसून काढावे, विशेषतः कान व पाय. ओल्या केसांचे पारडू कोरड्या पारड्यापेक्षा कितीतरी लवकर गारठते, आणि गारठलेले पारडू उठून सड धरीत नाही. नाळ आपोआप तुटली नसेल तर बेंबीपासून दोन बोटे अंतरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून त्याखाली स्वच्छ पात्याने कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. हे दोन-तीन दिवस रोज करावे. ओल्या शेणात लोळणाऱ्या पारड्याची बेंबी म्हणजे रोगास उघडे दारच असते. तेथून शिरलेला दोष आठवड्याने सांध्यांत उतरतो आणि ‘पारडू एकाएकी लंगडले’ असे म्हटले जाते.

चीक आणि वार

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे वळावयाचे. वार पडेपर्यंत पारड्यास पिऊ द्यावयाचे नाही, अशी रीत अनेक गावांत आहे. वार पडण्यास आठ ते बारा तास लागू शकतात, आणि तेवढा वेळ पारडू उपाशी राहते. या रीतीमागे कोणते तरी जुने अनुभव असतील, पण आज तिला आधार नाही.

म्हशीच्या पोटात असताना आईच्या रक्तातील रोगप्रतिबंधक द्रव्ये पारड्यास मिळत नाहीत. निसर्गाने ती चिकात साठविली आहेत. पारड्याच्या आतड्यास ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची शक्ती जन्मतः असते. पण ती तासागणिक कमी होत जाते आणि चोवीस तासांनी जवळजवळ नाहीशी होते. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी त्याचा अन्न म्हणून उपयोग होतो, संरक्षण म्हणून फारसा होत नाही. तेव्हा पहिल्या दोन तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या दिवशी वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे तीस किलोच्या पारड्यास सुमारे तीन लिटर चीक लागतो. त्यातील निम्मा पहिल्या खेपेस व उरलेला बारा तासांच्या आत द्यावा. पारडू उभे राहत नसेल तर चीक पिळून बाटलीने, मान फार उंच न करता, सावकाश पाजावा. शिवाय पारडू सड चोखते तेव्हा म्हशीच्या अंगात जो स्राव सुटतो, तो पान्ह्याबरोबर गर्भाशयाचेही आकुंचन करतो. पारड्यास लवकर प्यावयास लावणे हाच वार पडण्यास मदत करण्याचा मार्ग आहे. रीत आहे ती मात्र नेमकी उलटी.

खरवसाचा प्रश्नही येथेच येतो. आळीतील घरोघर चीक वाटणे ही चांगली शेजारधर्माची चाल आहे, आणि शहरात त्यास भावही बरा मिळतो. पारड्याचे पोट भरल्यावर जो उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. पहिल्या धारेवर मात्र पारड्याचाच हक्क आहे.

वार लोंबत असेल तर तिला दगड वा चप्पल बांधू नये, ओढू नये. बारा तास उलटले की पशुवैद्यकास दाखवावे. पडलेली वार म्हशीस खाऊ देऊ नये व कुत्र्यांपुढे टाकू नये; चुना घालून खोल खड्ड्यात पुरावी. वार किंवा स्राव उघड्या हाताने हाताळू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग याच वाटेने माणसास जडतो व महिनोन्‌महिने ताप व सांधेदुखी देतो. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर बांधून काम करावे. गर्भ अवेळी पडला असेल तेथे तर याविषयी कसलीही हयगय नको.

विल्यानंतर म्हशीस कोमट पाणी, गूळ व भरड्याची पातळ पेज द्यावी. भारी दुधाची म्हैस पहिले दोन दिवस पूर्ण निपटून पिळू नये. दोन-तीन दिवसांत ती उठेनाशी झाली, कान गार पडले, मान कुशीकडे वळवून बसली, तर तो दुग्धज्वर होय. नावात ज्वर असला तरी अंग गार असते, म्हणून लोक फसतात व शेकत बसतात. शिरेतून चुनायुक्त औषध गेले की अशी म्हैस पुष्कळदा तासाभरात उभी राहते. तिला नळीने काढे पाजू नयेत. गिळण्याची शक्ती मंदावलेली असल्याने ते फुप्फुसात उतरतात.

हगवण व जंत

पहिल्या तीन आठवड्यांत हगवण हा पारड्याचा मोठा शत्रू आहे. पारडू मरते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसू लागली, की पाणी कमी झाले असे जाणावे. दूध पूर्ण तोडू नये. दोन पाजण्यांच्या मध्ये उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे आणि उपचारास न्यावे. आजारी पारडू इतरांपासून दूर बांधावे व त्याचे काम शेवटी करावे.

म्हशीच्या पारड्यांत गोल जंतांचा उपद्रव फार. हे जंत पारडू पोटात नेते ते आईच्या दुधावाटेच. त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ असला तरी त्यापासून सुटका नाही. शेण मातकट रंगाचे व घाण वासाचे होते, पोट सुटते, केस राठ होतात. जंताचे पहिले औषध दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान, वजनाप्रमाणे मात्रा विचारून, द्यावे. रेडीस औषध व टोणग्यास उपेक्षा, असा भेद अनेक घरी होतो. परंतु म्हैस पान्हा सोडते ती पारडू पाहून; ते रेडी की टोणगा हे ती पाहत नाही. टोणगा मेल्यावर इंजेक्शन देऊन पान्हा काढण्याची जी वाईट सवय काही ठिकाणी लागली आहे, तिचे मूळ या उपेक्षेत आहे. मे महिन्यात केलेल्या यादीत विण्याच्या दिवसापुढेच जंताच्या औषधाची तारीख मांडून ठेवली, तर ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यास घरोघरी त्या दिवशी आठवण देता येते.