विमानाने येणाऱ्या भाविकांसाठी

शिर्डीचा विमानतळ गावात नसून कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे आहे. दि. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तो सुरू झाल्यापासून दूरच्या भाविकांचा मुंबई अथवा पुण्यास उतरून पुढे तासन् तास मोटारीने येण्याचा त्रास बराच वाचला. तेथून मंदिर सुमारे 14 कि.मी. आहे. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

खरी धांदल परतताना उडते. अंतर थोडे म्हणून मंडळी निर्धास्तपणे दर्शनाच्या रांगेत उभी राहतात. परंतु रांगेचा वेळ कोणाच्याच हाती नसतो, आणि बहुतेक विमान कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी चेक-इन बंद करतात. सोबत वृद्ध माता-पिता असल्यास दर्शन आदल्या दिवशीच घ्यावे व परतीची गाडीही त्याच रात्री सांगून ठेवावी.