रिपोर्ट नॉर्मल, त्रास खरा: पैसे कुठे घालावेत?

छातीत धडधड, श्वास पुरत नाही असं वाटणं, बोटांना मुंग्या, सततची अ‍ॅसिडिटी. महिनोन्‌महिने हे चालू आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल. मग दुसरा डॉक्टर, ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज, पुन्हा ईसीजी. पैसे जातात, धास्ती तेवढी वाढते.

पहिल्या तपासण्या मात्र टाळू नका. ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड एवढ्या तर हव्यातच, कारण रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते. खासगी लॅबमध्ये हे साधारण हजार-दोन हजारांत होतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट उपचार मोफत आहेत. छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. ही अँब्युलन्स मोफत असते.

या तपासण्या ठीक निघाल्या की रिपोर्टांची फाइल एकाच फॅमिली डॉक्टरकडे न्या आणि विचारा, ‘आता कोणती तपासणी पुन्हा नको?’ माझ्या मते सर्वांत जास्त पैसे हाच प्रश्न वाचवतो.

मग त्रास येतो कुठून? बऱ्याचदा ताणातून. ताणात आपण नकळत वरवर आणि भरभर श्वास घेतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठ-बोटं बधिर होतात. घाबरून माणूस आणखी जोरात श्वास ओढतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर अशा वेळीही ९८ दाखवतो, म्हणजे ऑक्सिजन पुरेसा असतो. तेव्हा ऑक्सिजनचे छोटे कॅन विकत घेऊ नका. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही नको, खरा दमा किंवा हृदयविकार असेल तर तो जिवावर बेतू शकतो. आणि घरच्यांनो, ‘काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत’ असं कृपा करून म्हणू नका. मुंग्या खऱ्याच येत असतात.

उपाय फुकट आहे. पोटावर हात ठेवा, नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. त्रास नसतानाही करा, तरच त्रासाच्या वेळी जमतं. कपालभाती आणि भस्त्रिका इथे नकोत, भरभर श्वासानेच तर त्रास झालाय. शिकवणारं कुणी हवं असेल तर सांताक्रूझची १९१८ पासूनची योग इन्स्टिट्यूट किंवा लोणावळ्याचं १९२४ पासूनचं कैवल्यधाम आहे. निवासी शिबिराची फी जेवण-खोलीसकट किती, हे आधी लेखी घ्या. मोबाइल अ‍ॅपचं वर्षाचं पॅकेज घेतलंत तर ऑटोपे बंद करा.

एवढ्याने भागत नसेल तर समुपदेशन घ्या. पुण्या-मुंबईत तासाला साधारण हजार ते अडीच हजार लागतात. त्यातल्या विचार-वर्तन उपचाराच्या (सीबीटी) बैठका बहुधा आठ-दहा तरी होतात, म्हणून दर, बैठकांचा अंदाज आणि समुपदेशकाचं शिक्षण पहिल्याच फोनवर विचारा. औषध मात्र समुपदेशक देऊ शकत नाहीत, त्यासाठी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतात. पैशांची अडचण असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं. पण ओपीडीची फी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, तेवढं कलम आधी वाचा.