क्वांटम शिकायचंय? आधी मॅट्रिक्स

‘क्वांटम’ असं नाव असलेला कोर्स कुठे मिळेल, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. बारावीनंतर लगेच तो शोधूच नका, असं मी सांगतो. कुंभकोणमला शास्त्र विद्यापीठाचं श्रीनिवास रामानुजन केंद्र आहे. तंजावरकडच्या मराठी घरातल्या मुलीने तिथे संगणकशास्त्रात बी.टेक. केलं तरी या क्षेत्राचं दार बंद होत नाही. मात्र संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स तिच्या हातात बसलेले हवेत.

कारण साध्या संगणकावर क्वांटम संगणकाची नक्कल करायची, तर काम हिशेबाचं आहे. एका क्युबिटला, म्हणजे क्वांटम संगणकाच्या बिटला, दोन संमिश्र संख्या पुरतात. क्युबिट एकमेकांत गुंतले, की त्यांचं वर्णन वेगवेगळं करताच येत नाही. सगळ्यांचं मिळून एकच लिहावं लागतं, आणि दर नव्या क्युबिटमागे संख्या दुप्पट होतात. 30 क्युबिटांना 107 कोटींवर संख्या, म्हणजे सुमारे 16 जीबी मेमरी. 40 ना त्याच्या हजारपट. 50 च्या आसपास महासंगणकाचीही दमछाक होते. गुंतणूक कमी असेल तर टेन्सर नेटवर्क या गणिती पद्धतीने हा पसारा आवरता येतो, आणि खरी हुशारी तिथेच लागते. 2019 मध्ये गूगल म्हणालं, आमच्या 53 क्युबिटांच्या चिपने 200 सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला 10,000 वर्षं लागतील. आयबीएमचं उत्तर होतं, अडीच दिवस!

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने बंगळूरची आयआयएससी आणि आयआयटी रूरकी यांच्यासोबत ‘क्यूसिम’ हा सिम्युलेटर 2021 मध्ये आणला. 2023 मध्ये 6,003 कोटींचं राष्ट्रीय क्वांटम अभियानही मंजूर झालं. पण आकडा ऐकून हुरळू नका. निव्वळ क्वांटमच्या बऱ्याच जागा संशोधनाच्या असतात आणि तिथे पीएच.डी. मागतात. तोवरचा आधार म्हणजे सी++, पायथॉन आणि जीपीयूवरचं प्रोग्रामिंग. हवामानापासून बँकेपर्यंत ते कुठेही चालतं.

आणि ‘गणितात हुशार आहे, बाकीचे विषय राहू देत’ म्हणणाऱ्यांसाठी: कुंभकोणमच्याच सरकारी कॉलेजात बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष केल्यामुळे गणितज्ञ रामानुजनांची शिष्यवृत्ती गेली होती. आयसर, आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रही असतं.

सुट्टीत मुलीला तयार लायब्ररी न वापरता तीन क्युबिटांचा सिम्युलेटर पायथॉनमध्ये लिहू द्या. मग उत्तरं ‘किस्किट’ या मोफत मिळणाऱ्या क्वांटम लायब्ररीशी ताडून पाहू द्या. जुळली नाहीत आणि चूक शोधायला ती जेवण विसरून बसली, तर फीचे पैसे एम.एस्सी.साठी राखून ठेवा. कंटाळली, तर आग्रह नको.