पालकसभेला बाबा येत नाहीत

प्रश्न : नागपुरात हिंगणा एमआयडीसीजवळ माझी अंगणवाडी आहे. पालकसभेला फक्त आयाच येतात. वडिलांना कसं आणावं?
– एक अंगणवाडी सेविका

उत्तर : ताई, दुपारी बाराला सभा ठेवली तर पाळीवर गेलेला बाप येणार कुठून? रविवारी सकाळी ठेवा. निरोप आईकडून नको, थेट त्यांनाच फोन करा. आणि भाषण ऐकायला बोलावू नका, काम द्या. सुतार असेल तर लाकडी ठोकळे तासून देईल, ऑटोवाला पोरांना रस्त्यावरच्या गमती सांगेल. एकदा पोरगं ‘माझे बाबा आले होते’ म्हणालं, की पुढचं बोलावणं तेच करतं.

‘हे बायकांचं काम’ असं कुणी म्हणालंच, तर गिजुभाई बधेकांचं नाव सांगा. पेशाने वकील, मुलगा झाल्यावर बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. आपण कुणाला कामधंदा सोडायला थोडंच सांगतोय? महिन्यातून तासभर मागा.